पॉल एर्लिख: औषधाला पत्ता देऊ पाहणारा डॉक्टर

समजा तुमचं पार्सल तुमच्या घरी न येता गल्लीतल्या प्रत्येक दारात थोडं थोडं पडलं तर? केमोथेरपीत साधारण असंच होतं. औषध रक्तातून शरीरभर फिरतं, कॅन्सरच्या गाठीपर्यंत जातं, पण वाटेत केसांच्या मुळांना आणि आतड्यांच्या अस्तरालाही मारतं. नॅनोमेडिसिनची सगळी धडपड या औषधाला नीट पत्ता देण्याची आहे. आणि ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे, बरं का!

पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन गावी झाला. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. वैद्यकीय शिक्षण घेताना त्यांना नाद लागला रंगांचा. जर्मनीत तेव्हा कृत्रिम रंगांचे कारखाने जोरात होते. एर्लिख ते रंग पेशींवर टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचे. एक रंग ठराविक पेशींनाच चिकटतो, शेजारच्या पेशींना नाही, हे त्यांना दिसलं. मग प्रश्न पडला, रंगाला पेशी ओळखता येते, तर औषधाला का नाही?

मध्येच त्यांना क्षयरोग झाला. बरं होण्यासाठी ते इजिप्तला गेले आणि परतल्यावर पुन्हा कामाला लागले. १८९१ मध्ये त्यांनी मिथिलीन ब्लू हा रंग मलेरियाच्या रुग्णांना औषध म्हणून देऊन पाहिला.

त्याच वर्षीचे त्यांचे दुसरे प्रयोग आपल्याला जवळचे वाटतील. एरंडाच्या बियांमध्ये रिसिन आणि गुंजेच्या बियांमध्ये अॅब्रिन नावाचं जहाल विष असतं. हो, तीच लाल-काळी गुंज, जिच्यावर सोनार सोनं तोलायचे. एर्लिख यांनी उंदरांना रिसिन अगदी कमी मात्रेपासून हळूहळू वाढवत दिलं. उंदरांना त्याची सवय झाली, मोठा डोसही ते पचवू लागले. पण या उंदरांना अॅब्रिन दिलं की ते मरत. म्हणजे शरीराचं संरक्षण सरसकट नव्हतं, कुलूप-किल्लीसारखं नेमकं होतं. पुढे प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल त्यांना मेचनिकॉफ यांच्यासोबत विभागून मिळालं.

एव्हाना त्यांच्या स्वप्नाला नाव मिळालं होतं, जादूची गोळी. इथे गोळी म्हणजे बंदुकीची, मेडिकलमधली नाही. रोगजंतूला बरोबर लागेल आणि माणसाला धक्का लावणार नाही अशी. फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत त्यांची टीम आर्सेनिकची शेकडो संयुगं तपासत होती. ६०६ क्रमांकाचं संयुग आधी निरुपयोगी म्हणून बाजूला पडलं होतं. १९०९ मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हाता यांनी ते पुन्हा तपासलं आणि सिफिलिसवर ते चाललं! १९१० मध्ये ते साल्व्हार्सन नावाने बाजारात आलं.

पण खरी डोकेदुखी पुढे सुरू झाली. साल्व्हार्सन हवेत खराब व्हायचं, पाण्यात सहज विरघळायचं नाही, डॉक्टरांना ते टोचायच्या आधी तयार करावं लागायचं. रुग्णांना त्रास झाला, काही दगावले, एर्लिख यांच्यावर आरोप झाले. १९१२ मध्ये त्यांनी जास्त विरघळणारं निओसाल्व्हार्सन आणलं. ते वापरायला सोपं होतं, पण असर थोडा कमी. २० ऑगस्ट १९१५ रोजी एर्लिख गेले. औषध सापडणं हे अर्धंच काम, ते शरीरात नीट पोहोचवणं हे उरलेलं अर्धं, हे त्यांना पुरेपूर कळून चुकलं होतं.

आता पॅक्लिटॅक्सेल बघा. पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलेलं हे कॅन्सरचं औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये मिसळून देतात. गंमत म्हणजे इथेही एरंडच! या द्रावकाने काहींना तीव्र अॅलर्जी होते, म्हणून आधी स्टेरॉइड द्यावं लागतं. २००५ मध्ये अमेरिकेत वेगळा प्रकार मंजूर झाला. त्यात पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला बांधून साधारण १३० नॅनोमीटरचे कण केलेले असतात. एरंडेलाचा द्रावक गेला, पण हातापायांना मुंग्या येणं, पांढऱ्या पेशी कमी होणं हे त्रास राहिलेच.

म्हणजे जादूची गोळी मिळाली का? अजून नाही. आधीच्या १० वर्षांतल्या प्राण्यांवरच्या अभ्यासांचा आढावा २०१६ मध्ये घेतला गेला. त्यात दिलेल्या नॅनोकणांपैकी मध्यकानुसार (मीडियन) फक्त ०.७ टक्के गाठीत पोहोचले होते. हळदीतलं कर्क्युमिनही असंच पाण्यात न विरघळणारं. त्याच्या नॅनोरूपांवर भरपूर संशोधन चालू आहे, पण कॅन्सरवरचं मंजूर औषध ते अजून झालेलं नाही. त्यामुळे नॅनो हळदीने कॅन्सर बरा होतो असा फॉरवर्ड आला, तर चालू उपचार सोडू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका.

अशा प्रत्येक दाव्याला एर्लिख यांचाच प्रश्न विचारायचा: औषध चांगलं असेल, पण ते पोहोचतं कुठे?