ज्या प्रबंधाला कमी मार्क पडले, त्यामुळेच या डॉक्टरचं नाव एका आजाराला मिळालं

डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय, चुरचुरतंय, संध्याकाळपर्यंत डोळे लालभडक. दिवसभर मोबाईल बघणाऱ्यांना हे काही नवीन नाही. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळ्यांवरचं पाणी सुकतं. मोबाईल बाजूला ठेवला, ड्रॉप्स टाकले की बरं वाटतं.

पण काही जणांचे डोळे मोबाईल हातात न घेताही कोरडे पडतात. त्यातही बायकांचे जास्त. सोबत तोंडाला कोरड पडते, इतकी की भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय घशाखाली उतरत नाही. दात किडायला लागतात. बोटांचे सांधे दुखतात. अंगात त्राण राहत नाही. मग डोळ्यांसाठी एक डॉक्टर, दातांसाठी दुसरा आणि सांध्यांसाठी तिसरा अशा फेऱ्या सुरू होतात. या तिन्ही फायली एकाच आजाराच्या असू शकतात, हे बरेचदा कोणाच्या लक्षातच येत नाही.

हे ज्याच्या लक्षात आलं, तो माणूस म्हणजे स्वीडनचे डॉ. हेन्रिक शोग्रेन.

शोग्रेन यांचा जन्म २३ जुलै १८९९ चा, स्वीडनमधल्या शोपिंग नावाच्या छोट्या गावातला. डॉक्टर व्हायचं म्हणून त्यांनी स्टॉकहोम गाठलं. तिथल्या प्रसिद्ध कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये शिकून १९२७ मध्ये ते डॉक्टर झाले. डोळ्यांच्या शाखेकडे वळले आणि लग्नही डोळ्यांच्या डॉक्टरशीच केलं. त्यांच्या पत्नी मारिया हेलग्रेन. मारिया यांचे वडीलसुद्धा डोळ्यांचे नावाजलेले डॉक्टर.

१९३० च्या सुमारास शोग्रेन यांच्याकडे एक बाई तपासायला आल्या. डोळे कोरडे होते, तोंडही कोरडं पडलेलं आणि सांधे दुखत होते. डोळ्यांच्या डॉक्टरने डोळे बघावेत, औषध द्यावं आणि पुढच्या पेशंटला आत बोलवावं, अशीच तेव्हाची रीत होती. शोग्रेन मात्र तिथे थांबले. तोंड आणि सांधे या गोष्टी आपल्या खात्यातल्या नाहीत म्हणून त्यांनी त्या सोडून दिल्या नाहीत. अशा आणखी बायका आहेत का, याचा शोध त्यांनी सुरू केला.

त्यासाठी त्यांनी रोझ बंगाल नावाचा लालसर रंग वापरला. हा रंग डोळ्यात टाकला की कोरडेपणामुळे खराब झालेल्या पेशी रंगतात आणि किती नुकसान झालंय ते दिसतं. अश्रू तयार करणाऱ्या ग्रंथींचे तुकडेही त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. तिथे वेगळंच चित्र होतं. ग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशींनी गर्दी केली होती.

१९३३ मध्ये त्यांनी आपला प्रबंध जर्मन भाषेत सादर केला. त्यात १९ बायकांची माहिती होती आणि त्यातल्या १३ जणींना संधिवाताचा त्रास होता. अ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही डोळे कोरडे होतात, पण हा प्रकार तो नव्हे, हे स्पष्ट व्हावं म्हणून त्यांनी नवीन नावही दिलं, केराटोकंजंक्टिव्हायटिस सिक्का. नाव अवघड असलं तरी मुद्दा सोपा होता. हा आजार डोळ्यांत दिसतो, पण तो फक्त डोळ्यांचा नाही. तो सगळ्या शरीराचा आहे.

आता असा कोरडेपणा बघणारे शोग्रेन हे काही पहिलेच नव्हते. फ्रान्समध्ये हेन्री गुझरो यांनी १९२५ मध्ये असे पेशंट नोंदवले होते. म्हणून फ्रान्समध्ये आजही या आजाराला दोघांचं नाव जोडतात. पण इतके पेशंट गोळा करून, ग्रंथी तपासून, संधिवाताशी धागा जोडून सगळं एकत्र मांडलं ते शोग्रेन यांनी.

एवढं करून हाती काय आलं? तर परीक्षकांना प्रबंध फारसा पटला नाही. त्याला इतकी कमी श्रेणी मिळाली की विद्यापीठात शिकवण्यासाठी लागणारी डोसेंट ही पदवीच त्यांना मिळाली नाही. विद्यापीठातल्या करिअरचा रस्ता तिथेच बंद झाला.

शोग्रेन राजधानी सोडून येनशोपिंग या गावी गेले आणि तिथला डोळ्यांचा विभाग सांभाळू लागले. बुबुळावरचा पारदर्शक पडदा बदलण्याच्या शस्त्रक्रियांवर त्यांनी तिथे काम केलं. कोरड्या डोळ्यांचा अभ्यासही सोडला नाही.

दहा वर्षांनी चक्र फिरलं ते थेट ऑस्ट्रेलियातून. तिथल्या ब्रूस हॅमिल्टन या डोळ्यांच्या डॉक्टरने हा जर्मन प्रबंध इंग्रजीत आणला. साल होतं १९४३, दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांना आपल्या दवाखान्यातल्या पेशंटचं कोडं त्या पानांत सापडलं आणि शोग्रेन हे नाव आजाराला चिकटलं. १९५७ मध्ये गोथेनबर्ग विद्यापीठाने त्यांना डोसेंट केलं. १९६१ मध्ये स्वीडन सरकारने प्रोफेसर हा किताब दिला. प्रबंध लिहून तोवर २८ वर्षं झाली होती.

१९८६ मध्ये कोपनहेगनला या आजारावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आजारपणामुळे शोग्रेन तिथे जाऊ शकले नाहीत. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं.

त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेल्या गर्दीचा अर्थ जगाला नंतर कळला. पांढऱ्या पेशींचं काम बाहेरच्या शत्रूशी लढण्याचं. या आजारात त्या चुकून स्वतःच्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करतात. यालाच ऑटोइम्यून आजार म्हणतात. दर १० पेशंटमध्ये साधारण ९ बायका असतात.

पण कुंपणच शेत का खायला लागतं? याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. आनुवंशिकता आणि हार्मोन्स यांच्यासोबत गेल्या काही वर्षांत एक नवीन धागा सापडलाय. तो जातो थेट पोटात.

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा हिस्साही आतड्याच्या आसपासच असतो. कोणावर तुटून पडायचं आणि कोणाला सोडायचं, हे या पेशी तिथे शिकतात. काही जिवाणू आपण खाल्लेल्या तंतुमय पदार्थांपासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. हे आम्ल दाह आटोक्यात ठेवायला मदत करतं.

२०१६ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधल्या संशोधकांनी शोग्रेन आजाराच्या पेशंटचे शौचाचे नमुने तपासले. ब्युटिरेट बनवणाऱ्या जिवाणूंचा एक प्रकार त्यांच्यात कमी होता. ज्यांच्या पोटात जिवाणूंची विविधता कमी, त्यांचा आजार जास्त तीव्र असल्याचंही दिसलं. मग त्यांनी उंदरांना अँटिबायोटिक देऊन पोटातले जिवाणू कमी केले आणि कोरड्या हवेत ठेवलं. त्या उंदरांच्या डोळ्यांचं नुकसान इतर उंदरांपेक्षा जास्त झालं.

दुसरा धागा आणखी वेगळा आहे. या आजाराच्या बऱ्याच पेशंटच्या रक्तात रो-६० या शरीरातल्याच प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी सापडतात. आपल्या शरीरावर राहणाऱ्या काही जिवाणूंमध्येही या रो-६० सारखंच प्रथिन असतं. जिवाणूवर धरलेला नेम चुकून स्वतःवर लागत असावा, अशी एक शक्यता संशोधक तपासतायत.

म्हणून उद्यापासून दही-ताक वाढवलं की डोळे ओले होतील, असं मात्र नाही. जिवाणूंमुळे आजार होतो की आजारामुळे जिवाणू बदलतात, हे माणसांमध्ये अजून सिद्ध झालेलं नाही. कोणतीही प्रोबायोटिक गोळी या आजारावरचं औषध म्हणून सिद्ध झालेली नाही. आज उपचार आहेत ते कृत्रिम अश्रू, दाह कमी करणारे ड्रॉप्स आणि गरजेनुसार रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालणारी औषधं.

मात्र निदान लवकर होणं महत्त्वाचं असतं, कारण या पेशंटना लिम्फोमा या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. डोळे आणि तोंड तीन महिन्यांहून जास्त काळ कोरडं पडत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरला तोंडाचं आणि सांध्यांचंही सांगायला हवं. शोग्रेन यांनी ९० वर्षांपूर्वी हेच केलं होतं. समोरच्या बाईचे डोळे तपासता तपासता त्यांनी तिची बाकीची दुखणीही ऐकून घेतली होती.