रेचेल कार्सन : विषाची चौकशी मागणारी लेखिका

ऑक्टोबरची छाटणी आटोपली, की इंदापूर तालुक्यातील बोरीच्या द्राक्षबागांत फवारणीच्या यंत्रांची घरघर सुरू होते. बारामतीच्या भाजीपाल्याला आणि इंदापूरच्या डाळिंबालाही हा वास परिचयाचा आहे. कीडनाशकाला आपल्याकडे सर्रास ‘औषध’ म्हटले जाते. हे औषध फवारणाऱ्याचे आणि खाणाऱ्याचे काय करते, हा प्रश्न जगाला विचारायला लावणाऱ्या लेखिकेचे नाव रेचेल कार्सन.

२७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल या गावी त्यांचा जन्म झाला. पक्षी-प्राण्यांची ओढ त्यांना आई मारिया यांच्याकडून मिळाली. लेखिका होण्यासाठी त्या महाविद्यालयात गेल्या आणि तेथे जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळाली. १९३५ मध्ये वडील आणि १९३७ मध्ये बहीण निवर्तली. आई व दोन भाच्यांचा भार अंगावर घेऊन त्यांनी सरकारी मत्स्य खात्यात नोकरी केली. १९५१ च्या ‘द सी अराउंड अस’ या पुस्तकाने त्यांना कीर्ती दिली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

दुसऱ्या महायुद्धात डीडीटीने टायफस आणि मलेरियापासून असंख्य जीव वाचवले. युद्ध संपताच ते शेतांवर आणि वस्त्यांवर विमानांतून बरसू लागले. १९४५ मध्येच कार्सन यांनी त्याच्या दुष्परिणामांवर लेख लिहिण्याचा प्रस्ताव एका मासिकापुढे ठेवला होता. तो नाकारला गेला. १९५८ मध्ये फवारणीनंतर अंगणात मरून पडलेल्या पक्ष्यांविषयी एका मैत्रिणीचे पत्र आले आणि त्यांनी या विषयाला वाहून घेतले. १९६० मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तरी लेखन थांबले नाही. २७ सप्टेंबर १९६२ रोजी ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध झाले.

रसायन उद्योगाने त्यांच्यावर झोड उठवली. पुस्तकावर वैयक्तिक दुखण्याची सावली आहे, असे कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी आजार लपवला. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान समितीने त्यांच्या मुख्य मुद्द्यांना दुजोरा दिला. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत १९७२ मध्ये, तर भारतात १९८९ मध्ये शेतीतील डीडीटीवर बंदी आली. कीडनाशके सरसकट बंद करा, असे मात्र त्यांनी कधीच म्हटले नव्हते. त्यांचा विरोध परिणाम न तपासता केलेल्या बेसुमार वापराला होता.

त्यांच्या काळात विषाची परीक्षा मुख्यतः किती मात्रेने किती प्राणी मरतात आणि गाठी होतात का, एवढ्यापुरतीच होती. ही रसायने आईच्या शरीरातून गर्भापर्यंत पोहोचतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते. पुढचे कोडे नंतर उलगडले. गर्भाच्या मेंदूच्या घडणीला थायरॉइड हार्मोन लागते आणि पहिल्या महिन्यांत ते आईकडूनच मिळते. त्यात रसायनाने ढवळाढवळ केली, तर बाळ जन्मतः धडधाकट दिसूनही उणीव पुढे शाळेत जाणवू शकते. १९९१ मध्ये थिओ कोलबॉर्न यांच्या पुढाकाराने जमलेल्या शास्त्रज्ञांनी अशा हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांविषयी इशारा दिला.

मेंदूच्या जडणघडणीवरील परिणाम तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ओईसीडी या संघटनेने २००७ मध्ये, म्हणजे ‘सायलेंट स्प्रिंग’नंतर ४५ वर्षांनी स्वीकारली. गाभण उंदरीला रसायन देऊन पिलांची हालचाल, स्मरणशक्ती आणि मेंदूची रचना पाहिली जाते. चाचणी महागडी आणि वेळखाऊ असल्याने ती मोजक्याच कीडनाशकांवर झाली आहे. चाचणी झाली, तरी तिचे वाचन चोख हवे. क्लोरपायरिफॉसच्या जुन्या चाचणीची आकडेवारी २०१८ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा सर्वांत कमी मात्रेलाही पिलांच्या लहान मेंदूत फरक आढळला. २०२० मध्ये युरोपीय संघाने या कीडनाशकाची मान्यता संपवली. मुलांच्या मेंदूविकासाची चिंता हे त्यामागील एक कारण होते.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. बाहेर जाणाऱ्या घडावरील अंश आज प्रयोगशाळेत काटेकोर मोजला जातो. त्याच बागेत घडांची विरळणी करणाऱ्या गर्भवती मजूर स्त्रीच्या वाट्याला किती विष येते, हे त्या मोजणीतून कळत नाही. कार्सन यांनी ज्यांच्यासाठी चौकशी मागितली, त्यांत तिचे बाळही येते.