सोयाबीनच्या मुळावरची गाठ उकलणारा माणूस : मार्टिनस बायेरिंक

नाशिक : निफाड, येवला, सिन्नर भागात सोयाबीन पेरायच्या आधी बियाण्याला रायझोबियम चोळतात. कांद्याला, गव्हाला ॲझोटोबॅक्टर वापरतात. कृषी सेवा केंद्रातल्या या दोन्ही पाकिटांचा माग काढत गेलं तर तो एकाच माणसापाशी जाऊन थांबतो. नाव मार्टिनस बायेरिंक. जन्म १६ मार्च १८५१, हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅमचा.

वडिलांचा तंबाखूचा धंदा होता, तो बुडाला. मग त्यांनी रेल्वेत नोकरी धरली. घरची ओढाताण होती, तरी पोरगं शिकलं. डेल्फ्टला रसायनशास्त्र झालं आणि १८७७ मध्ये लायडेनहून डॉक्टरेट मिळाली. विषय होता झाडांवर येणाऱ्या गाठी आणि फुगवटे. काही वर्षं शेतकी शाळेत शिकवून १८८५ मध्ये ते डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात लागले.

हरभऱ्याचा, मुगाचा बेवड चांगला, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. युरोपातल्या शेतकऱ्यालाही होतं. पण का चांगला, ते सांगता येत नव्हतं. १८८६ मध्ये जर्मनीच्या हेलरीगेल यांनी दाखवलं, की नत्र नसलेल्या वाळूत ओट उपाशी राहतो. मटार मात्र थोडं मातीचं पाणी मिळालं की गाठी धरून जोमाने वाढतो. तेच पाणी उकळून घातलं तर काही होत नाही. म्हणजे गाठीत काहीतरी जिवंत आहे, आणि त्याच्यामुळे पिकाला हवेतला नत्र मिळतो. हे श्रेय हेलरीगेल यांचंच.

पण ते जिवंत म्हणजे नेमकं काय? काहींना तर गाठ हा झाडाचाच भाग वाटायचा. १८८८ मध्ये बायेरिंक यांनी गाठीतला गर काढून मटारच्या पाल्याच्या अर्कावर वाढवला आणि आतले जिवाणू झाडाबाहेर एकटे जगवून दाखवले. पुढे गाठी नसलेल्या रोपांना तेच जिवाणू दिले, तेव्हा मुळांवर गाठी आल्या. जिवाणू बाहेरून, मातीतून मुळात शिरतो, हे पक्कं झालं. जिवाणू बाटलीत वाढवता येतो म्हटल्यावर तो शेतात नेणंही शक्य झालं. पाकिटाचा धंदा उभा आहे तो यावरच.

पाकिटात जीव आहे, पावडर नाही, हे मात्र आजही विसरलं जातं. उन्हात गाडीच्या डिकीत पडलेलं पाकीट म्हणजे मेलेला माल. बुरशीनाशक आधी लावायचं, जिवाणू सगळ्यात शेवटी, बियाणं सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. सोयाबीनचा जिवाणू वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. युरियाचा मारा केला तर झाड गाठी धरायचा कंटाळा करतं, फुकट मिळत असताना कोण राबेल? पीक फुलोऱ्यात आलं की एक झाड अलगद उपटून गाठ कापावी. आत गुलाबी-लालसर दिसली तर काम चालू आहे, हिरवट किंवा मातकट असेल तर नाही.

१८९५ मध्ये बायेरिंक डेल्फ्टला प्राध्यापक झाले. ॲझोटोबॅक्टर सापडला तो १९०१ मध्ये, आणि त्यांची रीत बघण्यासारखी आहे. जिवाणूंसाठी खाऊ तयार करायचा, त्यात साखरेसारखा पदार्थ घालायचा, नत्र मात्र अजिबात नाही. त्यात बागेतली चिमूटभर माती टाकायची. बाकीचे उपाशी मरतात, आणि हवेतून नत्र ओढणाराच तेवढा माजतो. हा मुळात घर करत नाही, मातीत मोकळा राहतो. त्याला खायला सेंद्रिय माल लागतो. शेणखत, पालापाचोळा नसलेल्या रानात नुसतं पाकीट ओतून उपयोग का होत नाही, त्याचं उत्तर त्या बाटलीतच होतं.

आणखी एक काम त्यांच्या नावावर आहे. १८९८ मध्ये तंबाखूवरच्या मोझॅक रोगाचा रस त्यांनी जिवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळला, तरी गाळलेल्या रसाने रोग लागला. जिवाणूहून वेगळं, जिवंत झाडातच वाढणारं हे काहीतरी म्हणजे व्हायरस. वडिलांना तंबाखूनं बुडवलं, पोराचं नाव तंबाखूनंच जगभर नेलं.

स्वभावानं माणूस कडक. विद्यार्थ्यांना टाकून बोलायचे, ते त्यांना वचकून असत. लग्न केलं नाही, शास्त्रज्ञाला संसार परवडत नाही असं त्यांचं मत. बहिणींसोबत राहिले. १९२१ मध्ये सत्तराव्या वर्षी निवृत्त होऊन गॉर्सेल या गावी गेले. तिथेही काम सुटलं नाही. १९२५ मध्ये त्यांनी नत्र धरणाऱ्या आणखी एका नागमोडी जिवाणूची नोंद केली. १ जानेवारी १९३१ ला ते वारले. तो नागमोडी जिवाणू कितीतरी वर्षं तसाच दुर्लक्षित पडून राहिला. १९७० च्या दशकात ब्राझीलमध्ये योहाना डोबरायनर या बाईंनी तो पुन्हा हाती घेतला आणि १९७८ मध्ये त्याला नवं नाव मिळालं. मका-ज्वारीसाठी ॲझोस्पिरिलम म्हणून दुकानात मिळतो तो हाच.