मागच्या रांगेतले भगवानदादा

गॅदरिंग असो, गणपतीची मिरवणूक असो की कुणाची वरात, एक स्टेप सगळ्यांनाच येते. जागेवरच उभं राहायचं, गुडघे थोडे सैल सोडायचे, खांदे हलवायचे आणि हात आरामात झुलवायचे. ज्याला अजिबात नाचता येत नाही तोसुद्धा ही स्टेप बिनधास्त करतो. पण ही स्टेप कुणाची असं विचारलं तर आपल्यातले निम्मे तरी अमिताभचं नाव घेतील. खरं म्हणजे ती भगवानदादांची! त्यांच्याबद्दलच आज लिहायचंय. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे अलंकारिक मराठी जमणार नाही. घरी बोलतो तसंच लिहिते.

भगवानदादाच का, ते आधी सांगते. आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यातलं धानोरा. माझा आतेभाऊ मुंबईत ज्युनियर आर्टिस्टचं काम करतो. म्हणजे सिरियलमधल्या लग्नातला पाहुणा, कोर्टातली पब्लिक, हॉस्पिटलच्या पॅसेजमधून जाणारा माणूस. हिरो-हिरॉईन बोलत असताना मागून चालत जायचं, याला सेटवर ‘पासिंग’ म्हणतात. टेक दहा वेळा झाला तर दहाही वेळा त्याच जागेवरून, त्याच वेगाने जायचं आणि कॅमेऱ्याकडे अजिबात बघायचं नाही. पैसे शिफ्टवर मिळतात आणि उद्या काम आहे की नाही हे आज रात्री कळतं. भाऊ दिवाळीला गावी आला की सगळे हसतात, ‘काय हिरो, यंदा तरी तोंड दिसलं का?’ आत्या गप्प बसते. मला मात्र त्या वेळी भगवानदादा आठवतात.

त्यांचं पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा. वडील मुंबईत गिरणी कामगार. भगवान यांनीही सुरुवातीला मजुरी केली, पण डोक्यात सिनेमाच होता. तो मूकपटांचा जमाना. त्यात त्यांना मिळाल्या बारीकसारीक भूमिका, म्हणजे सुरुवात मागच्या रांगेतूनच झाली. पण तिथे उभं राहून त्यांनी स्टुडिओतलं सगळं काम शिकून घेतलं. १९३८ साली ‘बहादुर किसान’ हा सिनेमा त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासोबत दिग्दर्शित केला. पुढची दहा-अकरा वर्षं त्यांनी कमी बजेटचे स्टंटपट काढले. कलाकारांचे कपडे ठरवण्यापासून त्यांच्या जेवणाची सोय करण्यापर्यंत सगळं ते स्वतः बघायचे. हे सिनेमे बघणारा प्रेक्षक कोण? तर गिरणीतला, गोदीतला कामगार. त्यांच्या वडिलांसारखाच.

या काळातली एक गोष्ट वाचून मात्र वाईट वाटतं. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगमध्ये त्यांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. ती इतकी जोरात बसली की ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. उपचार काही वर्षं चालले आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. येवल्याची ही मुलगी तेव्हा हिरॉईन होती! नायिकेच्या भूमिका सुटल्या, पण बाई घरी बसल्या नाहीत. खाष्ट सासूच्या भूमिकांमध्ये त्यांनी असं नाव कमावलं की १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेतली मंथराही आपल्या आईवडिलांना त्यांच्याच चेहऱ्याने आठवते.

भगवानदादांनी चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. राज कपूरने त्यांना सामाजिक विषयावर सिनेमा काढायला सुचवलं आणि १९५१ साली आला ‘अलबेला’. हिरोही तेच, दिग्दर्शकही तेच. हिरॉईन गीता बाली आणि संगीत दोस्त सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. गोष्ट कसली, तर नाटकात जायचं वेड असलेल्या एका गरीब पोराची. घरचे त्याला कामातून गेलेला समजतात! हिरो बुटका, जाडसर, दिसायला आपल्या गल्लीतल्या काकांसारखा. तरी सिनेमा तुफान चालला. त्याचं नाचणं बघून प्रत्येकाला वाटलं, अरे, हे तर मलाही जमेल!

मग पैसा आला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला वेगळी गाडी होती असं सांगतात. पण १९५३ चा ‘झमेला’ आणि नंतरचा ‘लाबेला’ यांना ‘अलबेला’ची सर आली नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या, भगवानदादा दादरच्या चाळीत राहायला आले. बहुतेक लोक लांब झाले. सी. रामचंद्र, ओमप्रकाश आणि गीतकार राजेंद्र कृष्ण मात्र चाळीत भेटायला येत राहिले.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते यापुढचं आयुष्य. एकेकाळचा स्टुडिओचा मालक परत छोट्या भूमिका करायला उभा राहिला. कधी एखाद-दुसरा सीन, कधी गर्दीत चार स्टेप्स. ज्यांच्या सिनेमात ते असे मागे उभे राहिले, त्यातले कितीतरी जण वयाने त्यांच्या मुलांएवढे असतील. पण त्यांनी मिळेल ते काम केलं, आणि तेही अनेक वर्षं. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या घरी हार्ट अटॅकने ते गेले, तेव्हा ८८ वर्षांचे होते. २०१६ मध्ये त्यांच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी सिनेमा आला. त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली.

आपण इंजिनिअरिंगवाले सगळं पॅकेजमध्ये मोजतो. कॅम्पसला मोठी कंपनी मिळाली तर हिरो, नाहीतर झिरो. भगवानदादा आयुष्यात दोनदा मागच्या रांगेत उभे होते. पहिल्यांदा वर चढायचं होतं म्हणून, आणि दुसऱ्यांदा घर चालवायचं होतं म्हणून. दुसऱ्यांदा उभं राहायला नक्कीच जास्त हिंमत लागली असणार. माझा भाऊ उद्या हिरो होईल असं मी म्हणत नाही. बहुतेक होणारही नाही. पण लग्नाच्या सीनमध्ये पाहुणेच नसतील तर ते लग्न वाटेल का? त्याचं काम हे काम आहे, आणि घामाच्या पैशाला लाजायचं कारण नाही. म्हणून यंदा दिवाळीत कोणी त्याला हसलं, तर आत्याच्या आधी मी बोलणार आहे.