वस्ताद लहुजी साळवे : तालमीतून शाळेकडे

पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या पेठ या गावी १४ नोव्हेंबर १७९४ रोजी लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म झाला. मातंग समाजातील हे घराणे शस्त्रविद्येसाठी प्रसिद्ध होते. वडील राघोजी हेच लहुजींचे पहिले गुरू. दांडपट्टा, तलवार, भाला, नेमबाजी या विद्या त्यांनी मुलाला बालवयातच दिल्या. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशवे व इंग्रज यांच्यात लढाई झाली. तीत राघोजी धारातीर्थी पडले. तरुण लहुजींच्या डोळ्यांदेखत राज्य गेले, वडील गेले. हाती उरली ती केवळ विद्या.

ती विद्या त्यांनी स्वतःपुरती ठेवली नाही. पुण्याच्या गंज पेठेत त्यांनी तालीम उभारली. ज्या शहरात अस्पृश्यांची सावलीही विटाळ मानली जात होती, त्याच शहरात सवर्ण तरुण एका मातंग वस्तादापुढे मस्तक लववून तांबड्या मातीत उतरत. डाव चुकला तर सर्वांना सारखीच माती लागे. जोतीराव फुले आणि त्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे हे तेथे दांडपट्टा व नेमबाजी शिकले. पुढे सशस्त्र बंड उभारणारे वासुदेव बळवंत फडके हेही लहुजींचेच शिष्य.

लहुजींचे थोरपण मात्र तालमीच्या चार भिंतींत संपत नाही. जोतीरावांनी आपल्या नगर शहरात मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण-दगडांचा मारा झाला. त्या कठीण दिवसांत लहुजी व त्यांचे पठ्ठे या शाळांच्या पाठीशी उभे राहिले, असे परंपरेने सांगितले जाते. महार-मांगांच्या वस्त्यांत हिंडून मुलामुलींना शाळेत आणण्याच्या कामी लहुजी आणि राणबा महार यांनी जोतीरावांना साथ दिली. शस्त्र शिकवणाऱ्या वस्तादाने पाटीपेन्सिलीचे मोल असे ओळखले होते.

त्यांच्याच साळवे कुटुंबातील मुक्ता ही मुलगी फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकली. अवघ्या चौदा वर्षांच्या वयात तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि धर्मग्रंथ वाचण्याचीही मनाई असलेल्या माणसांचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न साऱ्या समाजाला केला. हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. १८४२ मध्ये हे नियतकालिक सुरू झाले ते आपल्या नगरमध्येच.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजींचे निधन झाले. पुण्यातील संगमवाडी येथे त्यांची समाधी आहे.

केडगावच्या आमच्या निवासी शाळेत या जीवनाचे स्मरण आम्ही मुद्दाम करीत आहोत. मुलगी आठवी-नववीत गेली की तिला खेळाच्या तासातून सूट द्यावी, अशी विनंती काही पालक करतात. दहावी जवळ आली की मुलांचाही तो तास गणिताला दिला जातो. या मोहातून आम्हीही सुटलेलो नाही. परंतु ज्यांना शतकानुशतके मान खाली घालून चालायला लावले, त्यांच्या लेकरांना ताठ उभे राहणे हाही एक धडाच असतो. कबड्डीच्या रेषेपाशी दम रोखून उभी राहणारी मुलगी वर्गात प्रश्न विचारायला कचरत नाही, हे आम्ही पाहिले आहे. मैदान तिचेही आहे, तितकेच.

लहुजींच्या काळी एका घरात तालीम होती आणि त्याच घरातून मुक्ता शाळेत गेली. आज आमच्या अंगणात शाळा व मैदान शेजारी-शेजारी आहेत. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी त्या दोहोंमधील वाट मुलांसाठी आणि मुलींसाठी सारखीच मोकळी ठेवावी, हीच त्या वस्तादास आमची आदरांजली.