सर्पगंधेच्या मुळापासून बीपीच्या गोळीपर्यंत. कोण होते डॉ. रुस्तम जाल वकील?

नागपूरच्या गांधीबागेतल्या घाऊक औषधबाजारात सकाळी शटर वर गेली की खोकी उतरायला लागतात. सलाइनच्या बाटल्या, इंजेक्शने आणि बीपीच्या गोळ्या. इथून हा माल शहरातल्या आणि विदर्भातल्या तालुक्याच्या मेडिकलपर्यंत जातो. बीपीच्या प्रत्येक स्ट्रिपवर औषधाच्या नावाखाली एक आकडा छापलेला असतो. अडीच, पाच, पंचवीस मिलिग्रॅम. ग्राहक नाव वाचतो, आकड्याकडे त्याचे फारसे लक्ष जात नाही. पण डॉक्टरांच्या दृष्टीने अर्धे औषध त्या आकड्यात असते.

बीपीच्या औषधांच्या इतिहासात हा आकडा किती महत्त्वाचा ठरला, हे समजून घ्यायचे तर मुंबईच्या एका डॉक्टरचे आयुष्य पाहावे लागते. भारतातील आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी एका देशी मुळाला जगाच्या औषधपेटीत जागा मिळवून दिली. पुढे त्याच औषधाने काही रुग्णांचे नुकसानही केले. दोन्हींमध्ये फरक होता तो मात्रेचा.

कोण होते डॉ. वकील?

१७ जुलै १९११ रोजी मुंबईतल्या पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वैद्यकीय शिक्षण लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये झाले. ते संपवून ते मुंबईत परतले आणि केईएम रुग्णालयात मानद डॉक्टर म्हणून काम करू लागले. हृदयविकार हा त्यांचा विषय. त्या काळात ईसीजी यंत्रे मोजकी होती, बायपास आणि अँजिओप्लास्टी कोणी ऐकलेली नव्हती. डॉक्टरची खरी साधने म्हणजे स्टेथोस्कोप, बीपीचे यंत्र आणि रुग्णाच्या उशाशी बसून लिहिलेल्या नोंदी. वकिलांची ओळख झाली ती या नोंदींमुळे.

त्या काळी वाढलेल्या बीपीवर काय उपचार होते?

जवळपास काहीच नाही. याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट. जगातली उत्तम वैद्यकीय सेवा त्यांच्या हाताशी होती, तरी बीपी वर्षानुवर्षे चढत गेले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा त्यांचे बीपी ३००/१९० नोंदले गेले. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

डॉक्टरांकडे तेव्हा जे पर्याय होते, तेही कठीण होते. फक्त भात आणि फळांवर ठेवणारा जवळपास बिनमिठाचा आहार रुग्णाला झेपत नसे. पाठीतल्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया होत असे. थायोसायनेट नावाचे औषध दिले जाई, पण त्याची रक्तातली पातळी जरा वाढली की रुग्णाला भ्रम होई, प्रसंगी जीव जाई. रोगाइतकीच भीती औषधाची वाटावी असा तो काळ होता.

मग सर्पगंधा कुठून आली?

सर्पगंधा ही काही नवी वनस्पती नव्हती. आयुर्वेदात आणि लोकवैद्यकात तिचे मूळ शतकानुशतके वापरात होते. साप चावल्यावर, झोप लागत नसेल तर आणि वेड लागल्यावर ते देत. बिहारकडे तर ते वेडावरचे औषध म्हणूनच ओळखले जाई.

१९३१ साल या मुळासाठी महत्त्वाचे ठरले. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्यक-अभ्यासकांनी वेड आणि वाढलेले बीपी अशा दोन्हींवर त्याचा उपयोग नोंदवला. त्याच सुमारास रसायनतज्ज्ञ सलिमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातली काही रसायने वेगळी केली. हकीम अजमल खान यांच्यावरून त्यांतल्या एकाला ‘अजमलीन’ हे नाव दिले. पुढे कलकत्त्यात डॉ. रामनाथ चोप्रा यांच्या गटाने प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ पासून मुळाच्या तयार गोळ्याही बाजारात आल्या.

पण एक प्रश्न अनुत्तरित होता. नेमके किती द्यायचे? सेन आणि बोस यांनी नोंदवलेली मात्रा २० ते ३० ग्रेन चूर्ण, दिवसातून दोनदा अशी होती. म्हणजे दिवसाला साधारण अडीच ते चार ग्रॅम. अस्वस्थ मनोरुग्णाला शांत करायला ती ठीक. पण बीपी वाढलेला माणूस चालता-फिरता असतो. तो दुकान सांभाळतो, ऑफिसला जातो. त्याला महिनोन्‌महिने औषध घ्यायचे, तर तेवढे देऊन चालणार नव्हते.

१९४९ मध्ये वकिलांनी नेमके काय केले?

वकील जवळपास दशकभर आपल्या रुग्णांना सर्पगंधा देत होते आणि परिणाम लिहून ठेवत होते. १९४९ मध्ये त्यांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५० रुग्णांची हकिकत होती.

सगळ्यांचे वरचे बीपी १६० च्या वर आणि खालचे ९५ च्या वर होते, तेही सातत्याने. आधीची इतर औषधे बंद करण्यात आली. मग चार आठवडे सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या. बहुतेक रुग्णांचे वरचे आणि खालचे, दोन्ही बीपी उतरले. बीपी किती उतरले यासोबत एकूण मात्रा किती झाली, त्रास काय झाला आणि औषध कितपत सोसले, याचीही नोंद त्यांनी ठेवली.

आजच्या निकषांवर ५० रुग्णांची चाचणी लहान म्हटली जाईल. पण परंपरेने चालत आलेल्या औषधाला असे आकड्यांत बसवून, जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ वाचतात अशा नियतकालिकात मांडणे ही मोठी गोष्ट होती. त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही देशातला डॉक्टर तेच करून पाहू शकत होता आणि पडताळू शकत होता.

चार आठवडे का लागतात?

आपल्या नसांच्या टोकांना सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत नॉरअड्रेनलीनसारखी रसायने साठवलेली असतात. ही रसायने सुटली की रक्तवाहिन्या आवळतात, हृदय वेगाने धडधडते आणि बीपी चढते. सर्पगंधेतला मुख्य घटक या पिशव्या भरू देत नाही. साठा हळूहळू रिकामा होतो आणि बीपी उतरते.

यात तीन गोष्टी येतात. पहिली, परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. दुसरी, औषध थांबवले तरी साठा लगेच भरत नाही, म्हणून परिणाम बरेच दिवस राहतो. तिसरी सर्वात महत्त्वाची. अशाच पिशव्या मेंदूतही असतात आणि त्यांत मनःस्थिती सांभाळणारी रसायने असतात. मात्रा वाढली की त्याही रिकाम्या होतात. चार दिवसांत बीपी उतरले नाही म्हणून कोणी अधीर होऊन गोळ्या वाढवल्या, तर खरा परिणाम महिनाभराने अंगावर येतो. अशा औषधाला सावकाश सुरुवात आणि लांबलचक नोंदच लागते.

जगाने या कामाची दखल कशी घेतली?

भारतातून आलेल्या अहवालांवरून अमेरिकेत बॉस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध वापरून पाहिले. ते सावकाश आणि सौम्यपणे काम करते, असे त्यांनाही आढळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातला मुख्य घटक वेगळा केला. त्याचे नाव रेसर्पिन.

इथे मात्रेचे गणितच बदलले. मुळाच्या २०० ते ३०० मिलिग्रॅम चूर्णाचे काम सुमारे अर्धा मिलिग्रॅम रेसर्पिन करू लागले. आधी चिमूटभर वाटणारे औषध आता डोळ्यांना दिसणार नाही इतके कमी लागत होते. चूक करायला जागाही तेवढीच कमी उरली.

१९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनाही लास्कर मिळाला, तोही याच मुळाच्या मनोरुग्णांवरील वापरासाठी. एकाच वनस्पतीमुळे बीपी आणि मनोविकार या दोन क्षेत्रांतले डॉक्टर गौरवले गेले. वकिलांना पुढे पद्मभूषण आणि भटनागर पुरस्कारही मिळाले.

मात्रा चुकली तेव्हा काय झाले?

नवे औषध मिळाल्याच्या उत्साहात अनेक ठिकाणी रेसर्पिन मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ दिले गेले. काही रुग्ण उदास राहू लागले. झोप मोडली, कामात मन लागेना. काहींच्या मनात आयुष्य संपवण्याचे विचार आले. बीपीचा आकडा मात्र चांगला दिसत होता, त्यामुळे दुखणे औषधाचे आहे हे लवकर लक्षात येत नव्हते.

१९५४ मध्ये अमेरिकी डॉक्टर एडवर्ड फ्रेइस यांनी मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसर्पिन घेणाऱ्यांमधल्या नैराश्याची नोंद प्रसिद्ध केली. हे औषध बदनाम व्हायला सुरुवात झाली.

मग त्याच औषधाने जीव कसे वाचवले?

गोष्टीतले सर्वात बोलके वळण हेच. फ्रेइस यांनी रेसर्पिन टाकून दिले नाही, मात्रा खाली आणली. त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. त्यात रेसर्पिन दिवसाला अवघे ०.२ मिलिग्रॅम होते. सोबत लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड आणि रक्तवाहिन्या सैल करणारे हायड्रॅलझीन दिले गेले.

१९६७ मध्ये निकाल आला. खालचे बीपी ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ज्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळाल्या, त्यांच्यात २७ गंभीर घटना घडल्या. ज्यांना औषधे मिळाली, त्यांच्यात फक्त दोन. बीपी उतरवले की जीव वाचतो, हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच दिसले. तीन औषधांच्या त्या उपचारात एक औषध सर्पगंधेतून आलेले होते. भारतातही याच धर्तीची ‘अडेल्फेन-एसिड्रेक्स’ ही गोळी पुढे कित्येक घरांत नेमाने घेतली गेली.

या कथेला क्षारांचीही बाजू आहे. त्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइड दिवसाला १०० मिलिग्रॅम दिले होते. हे औषध लघवीवाटे सोडियमसोबत पोटॅशियमही बाहेर टाकते. पोटॅशियम फार घसरले की पायात गोळे येतात, थकवा येतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात. ते फार वाढले तरी ठोके बिघडतात. पुढे हेच औषध साधारण साडेबारा ते पंचवीस मिलिग्रॅममध्ये दिले जाऊ लागले.

वकिलांची शेवटची वर्षे

वकील एका औषधावर थांबले नाहीत. हृदयविकाराचा झटका येण्याआधी शरीर जे इशारे देते, त्यांवर त्यांनी १९६० च्या दशकात लिहिले. आज त्याला अस्थिर अंजायना म्हणतात. डॉ. गोलवाला यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले रुग्णतपासणीचे पुस्तक आणि डॉ. फारोख उदवाडिया यांच्यासोबतचे वैद्यकीय आणीबाणीवरचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचले. देशभरातल्या डॉक्टरांनी मिळून लिहिलेल्या वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचे पहिले संपादकही तेच.

सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये रेसर्पिन आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध सुचवणारे निबंध आले आणि जगभर खळबळ उडाली. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. मात्र ते पाहायला वकील नव्हते. दोनच महिन्यांनी, २० नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज बीपीची गोळी घेणाऱ्यांसाठी यात काय आहे?

रेसर्पिन आता पहिल्या पसंतीचे औषध राहिलेले नाही. अधिक सुटसुटीत गोळ्या आल्या आहेत. पण मात्रेबद्दलचा धडा सगळ्यांना लागू आहे.

• बीपी दोन दिवसांत उतरले नाही म्हणून स्वतःहून गोळी वाढवू नका. बऱ्याच औषधांना पूर्ण परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात.

• बरे वाटते म्हणून गोळी अचानक बंद करू नका. काही औषधे एकदम थांबवली तर बीपी उसळते.

• बीपीच्या गोळीसोबत सर्पगंधेचे चूर्ण घ्यायचे असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. मुळातला औषधी अंश झाडागणिक कमी-जास्त असतो आणि दोन्हींची बेरीज चक्कर आणू शकते.

• लघवीची गोळी सुरू असेल तर नागपूरच्या मे महिन्यात विशेष जपा. घाम, जुलाब किंवा उलट्या झाल्या की क्षार झपाट्याने कमी होतात. गोळी चालू ठेवायची की काही दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना विचारा. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी त्यांच्या सल्ल्याने वेळेवर करून घ्या.

• अशक्तपणा वाटतो म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सलाइन लावून घेण्याची सवय हृदयरुग्णांना घातक ठरू शकते. कमजोर हृदयाला ते जादा पाणी पेलत नाही आणि फुप्फुसात पाणी साचते.

• नवी गोळी सुरू झाल्यावर मन उदास राहू लागले, झोप मोडली तर तेही डॉक्टरांना सांगा. ते बीपीशी संबंधित नाही, असे गृहीत धरू नका.

पुढच्या वेळी मेडिकलमधून स्ट्रिप घेताना नावाखालचा आकडा जुन्या चिठ्ठीशी एकदा जुळवून पाहा. पाचच्या जागी अडीच किंवा पंचविसाच्या जागी पन्नास आले असेल, तर तिथेच विचारा.