मिखाईल त्स्वेत: कॉलम क्रोमॅटोग्राफीचा जनक, ज्याचं ऐकायला रसायनशास्त्राला 25 वर्षं लागली

तेलातल्या फॅटी ॲसिडचे एस्टर वेगळे करायचे असतील, तर प्रयोगशाळेत आजही एक साधी काचेची नळी उभी करतात. तिच्यात सिलिका जेल भरायचं, वरून मिश्रण सोडायचं आणि सॉल्व्हेंट ओतत राहायचं. खाली एकेक घटक वेगळा उतरतो. हीच कॉलम क्रोमॅटोग्राफी. ती शोधली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी.

पदवी होती, पण चालेना

त्स्वेत यांचा जन्म 14 मे 1872 चा, इटलीतल्या आस्ती गावातला. वडील रशियन, आई इटालियन. आई जन्मानंतर लवकरच वारली. बालपण आणि शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झालं, आणि 1896 मध्ये जिनिव्हा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी ते रशियात गेले, तर तिथे परदेशी डॉक्टरेट धरतच नव्हते. मग पुन्हा अभ्यास, पुन्हा प्रबंध. 1901 मध्ये कझान विद्यापीठाची मास्टर्स पदवी मिळवली आणि पुढे वॉर्सा विद्यापीठात सहायक म्हणून काम धरलं. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं.

खडूची भुकटी आणि हिरवा अर्क

त्यांना पानातली रंगद्रव्यं हवी होती, आणि तीही जशीच्या तशी. त्या काळचे बरेच रसायनशास्त्रज्ञ तीव्र आम्ल किंवा अल्कली वापरायचे. त्स्वेत यांचा आक्षेप असा, की अशाने मूळ पदार्थच बदलतो, मग आपण नेमकं काय मोजतोय?

त्यांनी शंभराहून अधिक प्रकारच्या भुकट्या तपासून पाहिल्या. 1903 मध्ये वॉर्सातल्या निसर्गअभ्यासकांच्या सभेत पद्धत मांडली आणि 1906 मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात तिला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. प्रयोग सोपा होता. नळीत खडूची बारीक भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, दाबून भरायची आणि वरून पानांचा अर्क सोडायचा. मग शुद्ध सॉल्व्हेंट ओतलं की हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे दिसू लागतात. हिरव्याचेही दोन निघतात, कारण क्लोरोफिल दोन प्रकारचं असतं. गंमत म्हणजे रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थच रंग!

हे चालतं कसं?

प्रत्येक रेणूची दोन्हीकडून ओढाताण होते. भुकटी त्याला धरून ठेवते, सॉल्व्हेंट खाली नेतं. जो भुकटीला कमी चिकटतो तो आधी बाहेर पडतो.

आता हेच सिलिका जेलवर पाहू. सिलिकाच्या पृष्ठभागावर ओएच गट असतात, त्यामुळे ते ध्रुवीय रेणूंना पकडतं. समजा शेंगदाणा तेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून मिथाइल एस्टर बनवले, पण मिश्रणात थोडं न बदललेलं तेल आणि मोकळी फॅटी ॲसिड उरली. हेक्झेनमध्ये थोडं ईथर घालून कॉलम चालवला, तर एस्टर आधी उतरतात, मग तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड, आणि त्यामागून मोकळी ॲसिड, कारण त्यांचा हायड्रोजन सिलिकाशी घट्ट बंध करतो.

पण एस्टर-एस्टरमधला फरक साध्या सिलिकावर नीट पडत नाही, कारण सगळ्यांचा ध्रुवीय भाग सारखाच. त्यासाठी सिलिकावर सिल्व्हर नायट्रेट चढवतात. चांदीचे आयन दुहेरी बंधांना हलके धरतात. म्हणून एकही दुहेरी बंध नसलेला स्टिअरेट आधी येतो, एकवाला ओलिएट नंतर आणि दोनवाला लिनोलिएट त्याच्याही नंतर.

एस्टर बिनरंगी असतात, मग पट्टे दिसणार कसे? दिसत नाहीत. म्हणून खाली छोट्या नळ्यांत थोडं थोडं द्रव गोळा करून प्रत्येक नळी तपासतात. रंग असो वा नसो, नियम तोच, हे त्स्वेत यांनी 1906 मध्येच लिहून ठेवलं होतं.

मग ऐकलं का नाही?

पहिला लेख रशियन भाषेत, नंतरचे वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात. रसायनशास्त्रज्ञांपर्यंत ते फारसे पोचलेच नाहीत. ज्यांनी वाचलं, त्यातल्या काहींना हा बाहेरचा माणूस वाटला. क्राकोचे मार्खलेव्स्की यांनी तर जाहीर वाद घातला. क्लोरोफिलवरच्या कामासाठी 1915 चं नोबेल रिचर्ड विलश्टेटर यांना मिळालं, पण त्यांचाही या नळीवर विश्वास नव्हता. त्स्वेत यांनी 1910 मध्ये सगळं काम पुस्तकात मांडलं, तेही रशियनमध्ये.

त्यात पहिलं महायुद्ध आलं. 1915 मध्ये जर्मन सैन्य वॉर्सात शिरलं आणि त्यांना शहर सोडावं लागलं. मॉस्को, निझनी नोव्हगोरोद, मग 1917 मध्ये तार्तू विद्यापीठात प्राध्यापकपद. पुढच्याच वर्षी जर्मन फौजा तिथेही पोचल्या. शेवटचा मुक्काम व्होरोनेझ. 26 जून 1919 रोजी, वयाच्या 47 व्या वर्षी, तिथेच त्यांचं निधन झालं.

नंतर काय झालं?

1931 मध्ये हायडेलबर्गला रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांनी त्स्वेत यांच्याच पद्धतीने कॅरोटिनॉइड वेगळे केले आणि ही नळी जगभर पोचली. 1941 मध्ये मार्टिन आणि सिंज यांनी सिलिका जेलवर पाणी धरून नवा प्रकार काढला. त्यासाठी त्यांना 1952 चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्टिन यांनी जेम्स यांच्यासोबत वायूच्या प्रवाहात फॅटी ॲसिड वेगळी करून दाखवली. आज खाद्यतेलात कोणतं फॅटी ॲसिड किती, हे त्याच पद्धतीने मोजतात. त्याआधी ॲसिडचे मिथाइल एस्टर बनवून घेतात, एवढंच.